ऐतिहासिक हॅन्सर्ड : सोलापुरातील एका प्रश्नाचे उत्तर शोधताना

गेल्या वर्षी १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकातील अभिवादनाचा कार्यक्रम आटोपून आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने चालत परतत होतो. गड्ड्याच्या यात्रेची दुकाने लागत होती. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करून रात्री आमच्या प्रशालेत दहावीचा अभ्यास करणारी एक मुलगी माझ्याबरोबर होती. तिने मला विचारले, "सर, आपल्या गावात एवढा मार्शल लॉ लागला, चौघांना फाशी दिली, तेव्हा तिकडं लंडनमध्ये कुणी एक शब्दसुद्धा बोललं नाही का?"

मी अनेक वर्षे नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवतो. ८ मे १९३० चा गोळीबार, १२ मे ते ३० जून १९३० पर्यंतचा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, हे सारे मी वर्गात न अडखळता सांगतो. लंडनविषयी मात्र मला सांगता येण्यासारखे काहीच नव्हते, आणि त्या मुलीला "शोधून सांगतो" असे म्हणून मी त्या दिवशी वेळ मारून नेली. त्या शोधात 'ऐतिहासिक हॅन्सर्ड' ही ब्रिटिश संसदेची विनामूल्य ऑनलाइन सेवा हाती लागली. वर्षभर ती सातत्याने वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. ही सेवा मी जवळजवळ संपूर्णपणे एकाच सभासदाचा माग काढत वापरली. तो सभासद म्हणजे मजूर पक्षातील डाव्या गटाचे खासदार फेनर ब्रॉकवे. त्यामुळे एखाद्या खासदाराची कारकीर्द समजून घेण्यासाठी हे दप्तर कितपत उपयोगी पडते, याच अंगाने मी तिची पारख केली आहे.

हॅन्सर्ड म्हणजे ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांतील चर्चांचा छापील वृत्तान्त. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम कॉबेट यांनी या चर्चा प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, पुढे ते काम टी. सी. हॅन्सर्ड या मुद्रकाकडे गेले आणि त्याचे आडनावच दप्तराला कायमचे चिकटले. १९०९ पासून संसद स्वतःच्या नोकरवर्गाकडून हा वृत्तान्त लिहून घेते. १८०३ ते २००५ या काळातील छापील खंडांचे संगणकीय रूप या सेवेत वाचायला मिळते. त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही, नावही नोंदवावे लागत नाही. पाने निव्वळ मजकुराची असल्यामुळे ती साध्या मोबाइलवरही लवकर उघडतात. शंभर वर्षांपूर्वी हे खंड चाळायचे तर लंडनला किंवा निदान मुंबईच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जावे लागले असते. आज साखर पेठेतील एका खोलीत, रात्री अकरा वाजता, माग बंद झाल्यावर, तेच खंड कोणालाही उघडता येतात, ही गोष्ट मला अजूनही मोठी वाटते.

दप्तरात शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. बैठकीची तारीख धरून जाता येते, सभासदाच्या नावाने जाता येते, मतदारसंघ, विधेयक, कायदा किंवा मंत्रिपद यांच्या सूचीतूनही जाता येते. मी आधी तारखांची वाट धरली. १९३० च्या मे महिन्यापासून पुढे एकेक दिवस उघडत गेलो आणि भारतविषयक प्रश्नोत्तरांत आपल्या गावाचे नाव, त्या काळच्या इंग्रजी वळणाने 'शोलापूर' असे लिहिलेले, समोर आले. ज्यांचे बालपण 'जुन्या गिरणी'च्या भोंग्यावर गेले त्यांना या क्षणी काय वाटले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. येथे नव्या वापरकर्त्याला एक सूचना द्यावीशी वाटते. भारतीय नावांची स्पेलिंगे त्या काळी आजच्यासारखी नव्हती, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने शोध घेणाऱ्याला काही सापडणार नाही आणि दप्तरात काहीच नाही असा त्याचा गैरसमज होईल. जुने स्पेलिंग आधी माहीत करून घ्यावे, मगच दप्तर उघडावे.

तारखांच्या वाटेने घटना सापडते, पण माणूस सापडत नाही. तो सापडतो सभासदांच्या सूचीतून. प्रत्येक सभासदाला एक पान दिलेले आहे. त्यावर जन्ममृत्यूच्या तारखा, कोणत्या मतदारसंघातून कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत निवडून आले याची नोंद, आणि खाली वर्षवार मांडलेली त्यांच्या भाषणांची व प्रश्नांची यादी असते. ब्रॉकवे यांच्या पानावर तीन ओळी ठळकपणे दिसतात. लेटन ईस्ट, ३० मे १९२९ ते २७ ऑक्टोबर १९३१. ईटन अँड स्लाऊ, २३ फेब्रुवारी १९५० ते १५ ऑक्टोबर १९६४. आणि त्यानंतर, डिसेंबर १९६४ पासून २८ एप्रिल १९८८ रोजी मृत्यू येईपर्यंत, लॉर्ड्सच्या सभागृहातील सदस्यत्व. १ नोव्हेंबर १८८८ रोजी जन्मलेला हा माणूस वयाची शंभरी गाठायला सहा महिने उरले असताना गेला. या तीन ओळींमध्ये जे मोकळे पडले आहे, ते कसे भरायचे हा या सेवेच्या वापरकर्त्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि तो सोडवायला ही सेवा मदत करत नाही.

पहिली मोकळी जागा १९२९ पूर्वीची. ब्रॉकवे यांचा जन्म कलकत्त्याचा, आईवडील ख्रिस्ती मिशनरी. तरुणपणी ते पत्रकार झाले. मजूर चळवळीचे नेते केअर हार्डी यांची मुलाखत घ्यायला ते उदारमतवादी म्हणून गेले आणि समाजवादी होऊन परतले, असे ते पुढे सांगत. १९१२ पासून त्यांनी इंडिपेंडंट लेबर पार्टीच्या 'लेबर लीडर' या पत्राचे संपादन केले. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणारी संघटना त्यांनी उभी केली. तिची मूळ कल्पना त्यांच्या पत्नी लिला यांची होती. १९१६ मध्ये सक्तीचा कायदा आल्यावर सद्सद्विवेकाच्या कारणाने शस्त्र धरण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, आणि सुटका झाली ती युद्ध संपून गेल्यावर, १९१९ मध्ये. कैद्यांना एकमेकांशी बोलण्याची बंदी असलेल्या त्या तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर हस्तलिखित वृत्तपत्र काढले. बाहेर आल्यावर त्यांनी स्टीफन हॉबहाउस यांच्यासमवेत इंग्लंडच्या तुरुंगव्यवस्थेची चौकशी करून १९२२ मध्ये तिच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२४ च्या वेस्टमिन्स्टर पोटनिवडणुकीत विन्स्टन चर्चिल ४३ मतांनी पराभूत झाले, त्या लढतीत मजूर पक्षाचे उमेदवार ब्रॉकवे होते आणि ते तिसरे आले. १९२७ च्या अखेरीस मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनासाठी ते भारतात आले असताना त्यांना मोटार अपघात झाला आणि गांधीजी त्यांना पाहायला इस्पितळात गेले. यातला एकही शब्द त्यांच्या हॅन्सर्डमधील पानावर नाही, कारण तेव्हा ते सभासद नव्हते. ज्याला या गोष्टी ठाऊक नाहीत त्याला जून १९२९ नंतरचे ब्रॉकवे अचानक आकाशातून पडल्यासारखे, आणि भारताबद्दल उगीचच हट्टी असल्यासारखे वाटतील. म्हणून माझा आग्रह असा की, या सेवेकडे येण्यापूर्वी वाचकाने त्या सभासदाचे एखादे साधे चरित्र वाचलेले असावे.

आता १९२९ ते १९३१. या अडीच वर्षांवर मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि ही सेवा सर्वांत उजवी ठरते ती येथेच. रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे मजूर सरकार जून १९२९ मध्ये सत्तेवर आले. पक्षाचे २८७ सभासद होते, स्पष्ट बहुमत नव्हते. भारतमंत्री होते विल्यम वेजवुड बेन, पुढे प्रसिद्ध झालेले डावे खासदार टोनी बेन यांचे वडील. ब्रॉकवे सरकारी बाकांवरच बसत होते, पण मागच्या रांगांत. भारतात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापुरात गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि काही दिवस शहरात ब्रिटिश अंमल उरला नाही. त्यानंतर खास अध्यादेश काढून मार्शल लॉ पुकारण्यात आला. तिकडे त्याच आठवड्यांत सभागृहात रोज ठरावीक वेळी मंत्र्यांना तोंडी प्रश्न विचारले जात होते.

या प्रश्नोत्तरांचे स्वरूप आपल्या विधानसभेच्या तारांकित प्रश्नांसारखेच आहे. आधी छापील प्रश्न, मग मंत्र्याचे लेखी तयार केलेले उत्तर, आणि मग उपप्रश्न. खरे नाट्य उपप्रश्नांत असते. मंत्र्यांची उत्तरे मुंबई सरकार आणि व्हाइसरॉय यांच्याकडून येणाऱ्या तारांवर उभी असत, आणि मागच्या बाकांवरच्या सभासदाकडे वृत्तपत्रांतील बातम्या व भारतातून आलेली पत्रे असत. ज्याच्याकडे अधिकृत माहिती नाही त्याने ज्याच्याकडे आहे त्याला कोंडीत कसे पकडायचे, हे शिकायचे असेल तर या काळातील भारतविषयक प्रश्नोत्तरांइतके चांगले पाठ्यपुस्तक मला माहीत नाही. प्रश्न छोटा ठेवायचा, त्यात एक तारीख आणि एक ठिकाण असेलच असे पाहायचे, आणि उत्तर टाळले गेले तर पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत आणायचा. ब्रॉकवे यांच्या नावाखालील १९३० सालची यादी नुसती वरून खाली वाचत गेले तरी हा चिवटपणा दिसतो. आमच्या शहरात विडी कामगारांच्या घरांपासून किमान वेतनापर्यंतचे प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरणारे डावे कार्यकर्ते सर्वांनी पाहिले आहेत, त्यामुळे ही रीत सोलापूरकरांना अनोळखी वाटणार नाही.

त्या यादीत १७ जुलै १९३० ही तारीख येते. तोपर्यंत सोलापूरचा मार्शल लॉ उठून अडीच आठवडे झाले होते, पण अटकेतल्या लोकांवरचे खटले संपलेले नव्हते, देशभर हजारो सत्याग्रही तुरुंगात होते, आणि सभागृहाची उन्हाळी सुटी जवळ आली होती. सुटीपूर्वी भारताच्या परिस्थितीवर चर्चेसाठी वेळ द्यावा, अशी ब्रॉकवे यांची मागणी होती. सरकार वेळ द्यायला तयार नव्हते. त्यांनी मागणी रेटून धरली, अध्यक्षांनी बसण्यास सांगितल्यावरही ते बसले नाहीत, तेव्हा अध्यक्षांनी त्यांचे नाव पुकारले. ब्रिटिश संसदेच्या रीतीप्रमाणे अध्यक्षांनी सभासदाचे नाव पुकारणे म्हणजे निलंबनाच्या ठरावाची नांदी असते. ठराव आला, त्यावर मतविभागणी झाली, आणि ती चालू असताना जॉन बेकेट या दुसऱ्या मजूर खासदाराने टेबलावरचा राजदंड उचलला आणि तो घेऊन दाराकडे चालू लागला. राजदंड जागेवर नसेल तर सभागृहाचे कामकाज चालू शकत नाही. तो त्याच्याकडून काढून घेऊन परत जागेवर ठेवण्यात आला, आणि ब्रॉकवे निलंबित झाले.

या प्रसंगाकडे मी पुनःपुन्हा परत गेलो आहे. ज्या सरकारने त्यांना बाहेर काढले ते त्यांच्याच पक्षाचे होते, आणि ज्या मंत्र्यांना ते अडचणीत आणत होते तेही स्वतःला भारताचे हितचिंतक मानणारे सद्गृहस्थ होते. विरोधी बाकांवरून ओरडणे सोपे असते. आपल्याच सरकारला, तेही अल्पमतातल्या, केव्हाही कोसळू शकणाऱ्या सरकारला, दूरच्या देशातील माणसांसाठी अडवून धरणे याला वेगळ्या जातीचे धैर्य लागते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. होय, बोलले. आणि बोलल्याबद्दल सभागृहाबाहेर काढले गेले. बेकेट यांच्याबद्दलही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. राजदंड उचलणारे हेच गृहस्थ काही वर्षांतच ऑस्वाल्ड मोस्ले यांच्या फॅसिस्ट संघटनेत जाऊन बसले. एका दिवसाच्या आवेशावरून माणसाची कारकीर्द जोखू नये, हे मला विद्यार्थ्यांना सांगायचे असते, आणि या दोन सभासदांची पाने शेजारी शेजारी उघडून ते सांगता येते. ही सोय छापील चरित्रग्रंथांत नाही.

मात्र येथे सेवेची एक मर्यादा स्पष्ट होते. हॅन्सर्ड हे उच्चारलेल्या शब्दांचे दप्तर आहे. कोण कोणाकडे पाहून हसले, कोण उठून दाराकडे गेले, गॅलरीत काय वातावरण होते, हे त्यातून कळत नाही. राजदंडाच्या प्रसंगाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहायचे असेल तर त्या काळची वृत्तपत्रे आणि संबंधितांच्या आठवणी यांच्याकडे वळावे लागते. दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. १२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद सुरू झाली आणि ती १९ जानेवारी १९३१ पर्यंत चालली. म्हणजे येरवड्यात आपल्या चौघांना फाशी दिली गेली तेव्हा लंडनमध्ये भारताच्या राज्यघटनेवर वाटाघाटी चालू होत्या. या दोन गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत हे हॅन्सर्डमधून आपोआप कळत नाही, कारण गोलमेज परिषद हे संसदेचे कामकाज नव्हते. तारखांचा तक्ता वाचकालाच शेजारी ठेवावा लागतो. आम्ही वर्गात भिंतीवर एक लांब कागद लावून त्यावर सोलापूर, येरवडा आणि लंडन अशा तीन रांगा आखल्या, आणि मगच हे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आले.

२७ ऑक्टोबर १९३१ च्या निवडणुकीत राष्ट्रीय सरकारच्या लाटेत मजूर पक्ष वाहून गेला आणि ब्रॉकवे यांची जागाही गेली. त्यानंतर त्यांच्या पानावर अठरा वर्षांहून अधिक काळ काहीही नाही. मी प्रथम हे पाहिले तेव्हा मला ती पोकळी खटकली, नंतर तीच मला बोलकी वाटू लागली. या काळात त्यांनी इंडिपेंडंट लेबर पार्टीचे अध्यक्षपद सांभाळले. मजूर पक्षाशी संलग्न असलेला तो पक्ष १९३२ मध्ये त्यापासून वेगळा झाला. वादाचे प्रमुख कारण असे होते की, संसदीय पक्षाच्या निर्णयाविरुद्ध सभासदाने मत देऊ नये हा नियम डाव्या गटाला मान्य नव्हता. पक्षादेश आणि सभासदाची सदसद्विवेकबुद्धी यांतला हा झगडा महाराष्ट्रातील वाचकाला नव्याने समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने पक्षादेश मोडणाऱ्याची जागाच जाऊ शकते, तिकडे तसा कायदा नाही, तेथे शिक्षा पक्ष देतो आणि अंतिम निकाल मतदार देतात. डाव्या गटाला ही फारकत महागात पडली. पक्षाबाहेर गेलेला गट आटत गेला, आणि ब्रॉकवे स्वतः पुढे मजूर पक्षात परतले. स्पेनच्या यादवी युद्धाने त्यांच्या निरपवाद शांततावादालाही तडा दिला. फॅसिझमपुढे शस्त्र धरणाऱ्यांना दोष देणे त्यांना जमेना. आणि जुलै १९४७ मध्ये ज्या सभागृहाने भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा मंजूर केला, त्या सभागृहात भारतासाठी निलंबित झालेला हा सभासद नव्हता. त्या महिन्याचे हॅन्सर्ड उघडून मी त्यांचे नाव शोधले नाही, ते तेथे असणार नाही हे मला ठाऊक होते, तरीही ती पाने वाचताना त्यांची उणीव जाणवली.

१९५० पासून १९६४ पर्यंतचा काळ पानोपानी भरलेला आहे, इतका की एका बैठकीत तो वाचणे अशक्य आहे. केनिया, मध्य आफ्रिका, सायप्रस, अण्वस्त्रे, असे विषय एकामागून एक येत राहतात. १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली त्याच सुमारास ते लेस्ली हेल या सहकाऱ्यासमवेत तेथे गेले होते. १९५४ मध्ये वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी एक व्यापक संघटना उभारली. सभागृहात त्यांना 'आफ्रिकेचे सभासद' असे चिडवले जाई. मतदारसंघ मात्र लंडनजवळच्या कारखानदारी स्लाऊचा होता. तेथील मतदाराला नैरोबीबद्दलचे प्रश्न किती जवळचे वाटत असतील, अशी शंका एखाद्याला येईल. या यादीत घरे, निवृत्तिवेतन आणि कारखान्यांचे प्रश्नही आहेत हे त्याने पाहावे.

या काळातली विधेयकांची सूची मी विशेष काळजीने वाचावी अशी शिफारस करतो. वर्ण आणि वंश यांवरून होणाऱ्या भेदभावाला बेकायदेशीर ठरवणारे विधेयक ब्रॉकवे यांनी सभागृहापुढे नऊ वेळा आणले. खासगी सभासदाच्या विधेयकाला वेळ अगदी थोडा मिळतो, दहा मिनिटांच्या नियमाखाली तर प्रस्तावकाला बाजू मांडायला तेवढीच मिनिटे असतात, आणि बहुतेक विधेयके पुढे सरकतच नाहीत. दरवर्षी तोच मुद्दा नव्या उदाहरणांसह उभा करायचा, दरवर्षी तो बुडालेला पाहायचा, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा अर्ज टाकायचा. सूचीतून एकेक प्रयत्न उघडता येतो, तारखा क्रमाने लावता येतात, विरोधकांचे मुद्दे कसे बदलत गेले तेही पाहता येते. एखाद्या चरित्रकाराने हे एका वाक्यात संपवले असते. या दप्तरात मात्र त्या एका वाक्याच्या पोटातली वर्षे मोजता येतात.

१५ ऑक्टोबर १९६४ च्या निवडणुकीत मजूर पक्ष तेरा वर्षांनी सत्तेवर आला आणि त्याच दिवशी ब्रॉकवे आपली जागा अवघ्या ११ मतांनी हरले. त्या निवडणुकीत काही मतदारसंघांत स्थलांतरितांविरुद्ध उघड प्रचार झाला होता, आणि स्मेथविकची जागा त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण ठरली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, वंशभेदाविरुद्ध ब्रिटनचा पहिला कायदा झाला. तो अपुरा होता. सार्वजनिक जागांमधील भेदभाव त्याच्या कक्षेत आला, घरे आणि नोकऱ्या यांचा समावेश व्हायला १९६८ उजाडले. तरी दार उघडले होते. तोपर्यंत ब्रॉकवे लॉर्ड्सच्या सभागृहात पोहोचले होते. वंशपरंपरागत सरदारांच्या सभागृहाला विरोध करणाऱ्या समाजवाद्याने तेथे जाऊन बसणे अनेक सहकाऱ्यांना रुचले नाही, आणि मलाही त्यांच्या कारकिर्दीतील तोच निर्णय सर्वांत कमी पटतो. पण १९६४ नंतरची यादी पाहिल्यावर मला एवढे मान्य करावे लागते की, त्यांनी ती जागा विश्रांतीसाठी वापरली नाही. नव्वदी ओलांडलेला सभासद निःशस्त्रीकरणावर प्रश्न विचारत आहे, हे त्या वर्षांच्या नोंदींत कोणालाही पडताळून पाहता येईल. लंडनच्या रेड लायन चौकात १९८५ मध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला, तेव्हा ते हयात होते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर सभागृहाचे नाव, तारीख, खंड आणि रकान्यांचे क्रमांक दिलेले असतात. छापील हॅन्सर्डच्या प्रत्येक पानावर दोन रकाने असून क्रमांक पानांना नसतात, रकान्यांना असतात. हे न कळल्यामुळे सुरुवातीला मी पृष्ठक्रमांक म्हणून भलतेच आकडे टिपून ठेवले आणि नंतर सगळी वही पुन्हा तपासावी लागली. उतारा घेताना ही माथ्याची ओळ पूर्ण उतरवून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच जागा अचूक सापडते. मजकूर पुन्हा वापरण्यास संसदेच्या खुल्या परवान्याखाली, श्रेय देण्याच्या अटीवर, मुभा आहे. शाळेच्या भिंतीपत्रकासाठी किंवा स्मरणिकेसाठी अनुवाद छापायचा असेल तर ही मुभा फार मोलाची आहे. मजकूर जुन्या छपाईवरून यंत्राने वाचून घेतलेला असल्यामुळे एखादे नाव किंवा आकडा संशयास्पद वाटल्यास तो दुसरीकडे ताडून पाहणे शहाणपणाचे. आमच्याकडे घोटाळा झाला तो मात्र घरचाच. एका झेरॉक्सच्या दुकानातून चाळीस पाने छापून आणली तेव्हा कागद वाचवण्यासाठी दुकानदाराने माथ्याच्या ओळी कापून टाकल्या होत्या, आणि कोणते पान कोणत्या तारखेचे हे लावण्यात आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली. छापायला देताना समोर उभे राहावे.

सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे, आणि ती सेवेची चूक नाही. त्या काळचे संसदीय इंग्रजी लांब, आडवळणाचे आणि सौजन्याच्या वेष्टनात गुंडाळलेले आहे. 'माननीय सभासदांना विचारू इच्छितो' या छापाच्या वाक्यांमधून प्रश्नाचा काटा कोठे आहे हे ओळखायला सराव लागतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना हे एकट्याने वाचता येईल, दहावीच्या मुलांना शिक्षकाशिवाय जमणार नाही. इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना, स्पर्धा परीक्षांची तयारी करताना संसदीय आयुधे पाठ करणाऱ्यांना, आणि नगरसेवक किंवा आमदार म्हणून काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी ही सेवा मनापासून सुचवतो. शेवटच्या गटाला तर विशेषकरून, कारण महापालिकेच्या सभेत प्रश्न कसा लावून धरावा हे त्यांना १९३० च्या यादीतून फुकट शिकता येईल. ज्यांना केवळ एखाद्या नेत्याचा झटपट परिचय हवा आहे त्यांनी येथे येऊ नये, त्यांच्या हाती तारखा आणि रकानेच लागतील.

यंदाच्या १२ जानेवारीसाठी आम्ही १९३० च्या मे ते जुलै महिन्यांतील सोलापूरविषयक आणि भारतविषयक निवडक प्रश्नोत्तरे मराठीत करायला घेतली आहेत. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला तीच आता आमच्या गटात शब्दकोश घेऊन बसते. एका रकान्याला तिला दोन संध्याकाळी लागतात. मंत्र्यांच्या उत्तरात 'माहिती मागवली आहे' असे आले की ती समासात लाल पेनने तारीख लिहून ठेवते, म्हणजे ती माहिती पुढे कधी आली, की आलीच नाही, हे तपासता यावे. आतापर्यंत मे महिना संपत आला आहे.